एका ताग्यातल्या राजकन्या

"मॅडम, एक या दो?"

टेबलामागच्या मुलीने विचारलं आणि समजलं नसेल म्हणून दोन बोटं वर केली. त्यातलं एक मिटलं. पुन्हा उघडलं. वैजयंतीच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्या हातात घडी घातलेला ब्लाउजपीस आणि त्यावर आहेराचं पाकीट. तिने नारळ या हातातून त्या हातात घेतला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. समुद्रातली ही बोट चालू आहे असं सगळे म्हणत होते, पण पायाखाली काही हलत नव्हतं. फक्त खूप खालून एक घरघर येत होती, गावाकडे, लोणीच्या घरात रात्री आडवं पडल्यावर विहिरीवरच्या इंजिनाची यायची तशी, म्हणजे ऐकू यायची नाही, उशीला कान लावला की कळायची. मागे रांगेत कोणीतरी खोकलं. टेबलावर कार्ड घासायचं यंत्र होतं, काचेच्या बरणीत चमचमती पूड होती, आणि एक फळी होती जिच्यावर झग्यांचे रंग लावले होते: निळा, पिवळा, गुलाबी. यंत्र बघितल्यावर तिला सगळं एकदम कळलं होतं. हे बोलावणं नव्हतं.

काल दुपारी केबिनच्या दाराखालून दोन गुलाबी कार्डं आत सरकली तेव्हा श्रेयाने ती उचलली आणि मोठ्याने वाचली. इंग्रजी तिलाच त्यातल्या त्यात येत होतं. राजकन्या आरोही आणि राजकन्या श्रेया यांना महालात येण्याचं सप्रेम निमंत्रण. कार्डावर सोनेरी मुकुट उठावात छापला होता, बोट फिरवलं की लागायचा. तिचा नवरा सुदर्शन म्हणाला, "बघ, नावानिशी बोलावलंय. कंपनीनं मान ठेवला." मंचरच्या बाजारात त्याचं खत-औषधांचं दुकान, आणि माल खपवल्याबद्दल औषधाच्या कंपनीने स्कीममध्ये लावलेली ही सहल, सिंगापूर आणि तिथून तीन रात्री बोट, नवरा-बायको आणि दोन मुलं. विमान फुकट, केबिन फुकट, चहा फुकट, नाश्त्याला कलिंगड फुकट, पोहायचं फुकट, लिफ्ट फुकट, लिफ्टमधलं गाणं फुकट, आरसे फुकट, समुद्र फुकट. अशा ठिकाणी नाव घालून पत्रिका आली तर माणूस काय समजणार? पत्रिका आली की जायचं असतं. मोकळ्या हाताने जायचं नसतं. म्हणून सिंगापुरात एका तमिळ म्हाताऱ्याच्या दुकानातून देवाला म्हणून घेतलेला नारळ तिने पिशवीतून काढला, स्वतःसाठी आणलेल्यातला एक ब्लाउजपीस काढला, सुदर्शनने पाकिटात नोट घातली आणि वर सुटा रुपया टाकला, आणि दोघी पोरींची वेणी-फणी करून ते चौघं महालाच्या दाराशी येऊन उभे राहिले. महालाचं दार पुठ्ठ्याचं होतं. राजकन्या म्हणून जी कोणी पोरगी आत बसली असेल तिची ओटी भरायची, असं वैजयंतीने ठरवलं होतं. परक्या मुलखातली का असेना, लेकीबाळींना बोलावते म्हणजे घरचीच.

एक या दो.

भाव कार्डाच्या तळाशी होता, मुंगीएवढ्या अक्षरात. तिथपर्यंत कोणी वाचलंच नव्हतं. आपल्याकडे पत्रिकेच्या तळाशी चिल्ल्यापिल्ल्यांची नावं असतात. मुलगी दार्जिलिंगकडची होती, तिचं हिंदी वैजयंतीला कळेल इतपतच अवघड होतं. झगा, मुकुट, केसांची रचना, नखं, गालावर चांदण्या, मग राजकन्येबरोबर चहा. फोटोचं वेगळं. सुदर्शनने सिंगापूरच्या पैशाचे रुपये करायला ओठ हलवले आणि मधेच थांबवले. त्याच्या मागे नारायणगावचे हौशीराम शेठ उभे होते, स्कीममधलेच, त्यांना पोरंबाळं मोठी असल्यामुळे ते नुसते बघायला आले होते.

"राव, यवढ्यात तर डबल बारचे फटाके उडवून लगीन व्हतं," हौशीराम म्हणाले.

"तुमच्या लग्नात घोडं तरी व्हतं का?" त्यांच्या बायकोने, गोजरबाईंनी, तिथल्या तिथे विचारलं. "मला तर मुंडावळ्या चुलतबहिणीच्या घातल्या व्हत्या. ती रडत व्हती, माज्या हायेत म्हणून."

"मंग घालू का आता? हितं भाड्यानं मिळत्यात."

रांगेतले इतर लोक हसले नाहीत कारण त्यांना कळलं नाही. वैजयंतीला कळलं आणि तिलाही हसू आलं नाही. तिच्या कमरेजवळ दोन डोकी होती. आरोहीचं, सहा वर्षांचं, सारखं हलणारं. आणि श्रेयाचं, दहा वर्षांचं, मुळीच न हलणारं. आरोही झग्यांकडे बघत होती. श्रेया काकीच्या तोंडाकडे बघत होती. हे वैजयंतीने खाली न बघताच ओळखलं. मान जड झाली, जशी डोक्यावर हंडा असल्यावर होते.

श्रेया दिराची मुलगी. थोरल्या दिराची, रामदासची. म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती कुणाची असं कोणी विचारत नव्हतं. ती लोणीला जन्मली, शाळेसाठी मंचरला काका-काकीकडे राहिली, सणाला लोणीला गेली, आणि दोन्हीकडे तिची ताटली होती. मग वाटणी झाली. भांडून झाली असती तर बरं असं वैजयंतीला पुष्कळदा वाटायचं. भांडणाला आवाज असतो, दोन दिवसांनी तो खाली बसतो. यांची वाटणी चहा घेऊन झाली. जमीन थोरल्याकडे, दुकान धाकट्याकडे, विहिरीचं पाणी आळीपाळीने, सासूबाई जिकडे म्हणतील तिकडे. सगळे एकमेकांना 'तुमाला काय पायजे ते घ्या' म्हणत होते. आणि जून उजाडला तेव्हा श्रेयाचं नाव लोणीच्या शाळेत होतं. कोणी काढलं, कोणी घातलं, कोणी कोणाला विचारलं, काही कळलं नाही. मंचरच्या घरात तिची ताटली तशीच राहिली, खालच्या फळीवर, इतर ताटल्यांच्या खाली. त्या चहाच्या दिवशी वैजयंतीला आतून काय वाटलं होतं? स्वतःचं स्वयंपाकघर. स्वतःच्या मनाचा डबा. कोणी उघडून बघणार नाही असा. हे वाटलं होतं आणि ते वाईट नव्हतं, अजूनही ती म्हणेल की वाईट नव्हतं. पण डबा स्वतःचा झाला की त्यात काय ठेवायचं ते सुचत—

"मॅडम?"

पासपोर्टाचे अर्ज वाटणीच्या आधी भरलेले, स्कीम तेव्हाच लागली होती. त्यात दोन मुलं म्हणून आरोही आणि श्रेया. सहल दोनदा पुढे ढकलली गेली, आणि शेवटी तारीख आली तेव्हा सुदर्शन म्हणाला, आता काय करायचं? सासूबाई, कुशाबाई, भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाव घातलंय ना पोरीचं? मंग न्यायची. दोघीस्नी न्या, न्हाईतर एकीलाबी नगा नेऊ." रामदास श्रेयाला घेऊन मंचरच्या स्टँडवर आला. हायवेवर कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती, भोंगे वाजत होते, त्यामुळे कोणालाच काही बोलावं लागलं नाही. त्याने पिशवी सुदर्शनकडे दिली. घरी चला म्हणाला सुदर्शन. "न्हाई, पाण्याची पाळी हाय," रामदास म्हणाला. वैजयंती थोडी बाजूला पदर घेऊन उभी होती. थोरल्या दिराशी ती लग्न झाल्यापासून कधी समोरून बोललेली नव्हती, मधे कोणीतरी लागायचं, सासूबाई, जाऊबाई, नाहीतर भिंत: 'जेवायला वाढलंय म्हणावं.' वाटणीनंतर मधलं माणूसही उरलं नव्हतं. श्रेया बापाकडे बघायला एकदाही मागे वळली नाही. शहाण्यासारखी. शहाणपण या पोरीला आजारासारखं चिकटलं होतं.

"काकी," आत्ता श्रेया हळूच म्हणाली. "आरूला घ्या. मी लय मोठी झाले."

झालं. हेच वाक्य येणार हे वैजयंतीला माहीत होतं, काल कार्ड वाचलं तेव्हापासून नाही, स्टँडपासून. या वाक्याला 'बरं' म्हणणं किती सोपं होतं. पोरगी स्वतःच म्हणते आहे. सुदर्शनच्या खांद्यातला ताण थोडा उतरलाही. बाजारात कोणी दर पाडून मागितल्यावर तो जसा थांबतो तसा थांबला.

"दोन," वैजयंती म्हणाली. "दो. दोघी."

सुदर्शनने तिच्याकडे बघितलं. मग बोटीवरचा खर्च ज्याच्यावर चढायचा ते केबिनचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. हौशीराम शेठ म्हणाले, "वैनी, इचार करा," आणि गोजरबाईंनी त्यांना कोपराने बाजूला केलं. मुलीने यंत्रातून कार्ड ओढलं. एवढंसं किर्र झालं. एवढाच आवाज. मग तिने रंगांची फळी पुढे केली, कौनसी प्रिन्सेस?

"दोघींना एकच," वैजयंती म्हणाली. "दोनो को सेम. गुलाबी. हे, हे."

मुलगी हसली. नाही मॅडम. गुलाबी राजकन्या एकच असते.

"दोन झगे नाहीत?"

झगे आहेत. पण एका वेळी एका रंगाची राजकन्या एकच. दोन गुलाबी एकदम आत गेल्या तर, मुलगी हिंदीत शब्द शोधू लागली, तर मग खरी कोण?

वैजयंतीने नारळ टेबलावर टेकवला. हिला कसं सांगायचं? घरात पोरींना कापड घ्यायचं तर एका ताग्यातलं घ्यायचं असतं. दिवाळीला तागा यायचा, अख्खा, दुकानदार गादीवर फेकायचा तेव्हा त्याचा धप्प आवाज व्हायचा, आणि त्यातून जेवढ्या पोरी तेवढे झगे निघायचे. थोरलीची, मधलीची, धाकटीची, सगळ्यांच्या लेकी एका छापाच्या. कोणी म्हणू नये की माझीला हलकं, तिच्या लेकीला भारी. राजुरीला तिच्या माहेरी असंच होतं. शिंपी ओसरीवर मशीन मांडून बसायचा आणि मापं घेताना नावं विचारायचा नाही, 'ये गं पुढची' म्हणायचा. वाटणी झाली त्या वर्षी दिवाळीला वैजयंती मंचरच्या दुकानात गेली, एकटी, आणि दुकानदाराने सवयीने विचारलं, तागा काढू का? ती म्हणाली, नको, एकच झगा बेतायचाय. आरोहीला जांभळा घेतला. घरी येईपर्यंत पिशवी हलकी लागत होती. लोणीला श्रेयाने काय घातलं तिला माहीत नव्हतं. पुढे कळलं, हिरवा. म्हणजे त्या दिवाळीला पोरींच्या अंगावर वाटणी बाहेर आली, सगळ्या गावाला वाचता येईल अशी. आता ही मुलगी म्हणते आहे, एकीला गुलाबी, एकीला पिवळा. भर समुद्रात. पैसे देऊन.

आणि तरीही. तिच्या मामाच्या लग्नातला एक फोटो आहे. पुढच्या ओळीत सात पोरी बसलेल्या, नारिंगी फुलांच्या झग्यात, सगळ्यांना एकाच वस्ताऱ्याने कापल्यासारखे केस, सगळ्यांचे डोळे उन्हाने बारीक. त्यात वैजयंती कुठली हे तिला कधीच ओळखता आलं नाही. आईला विचारलं, आई म्हणाली ही. काकूला विचारलं, काकू म्हणाली, छे, ती तर तायडी, तू ही. दोघी खूप वेळ वाद घालत बसल्या, हसत, तोंडात मिश्री. तिला हसू येत नव्हतं. आपण त्यात आहोत याबद्दल कोणालाच शंका नव्हती, पण कुठे? लग्न झाल्यावर पहिल्यांदा सुदर्शनने तिला पिवळी साडी आणली, जाऊबाईंना न आणता, चोरून. ती तिने घरात कधी नेसली नाही. ट्रंकेत तळाशी ठेवली. दुपारी सगळे शेतात गेले की झाकण उघडून हात घालायची. नेसायचीसुद्धा गरज नव्हती. कापडाला माहीत होतं की ते एकटीचं आहे.

तर मग तागा म्हणजे काय होतं? माया, की कोणालाच न बघण्याची युक्ती? आणि ही किर्र करून गेलेली रक्कम कशाची? मुकुट प्लास्टिकचा आहे हे इथून दिसतंय. चांदण्या आंघोळीला जातील. चहा म्हणजे चहाच. मग लोक कशाचे पैसे देतात? कदाचित अर्धा तास एका अनोळखी बाईने एकाच पोरीचं नाव घेऊन तिचे केस विंचरावेत, मागे दुसरी नंबर लावून उभी नसावी, 'ये गं पुढची' म्हणू नये, याचे. घरी हे फुकट मिळायला हवं. घरी कुठे मिळतं? घरी एक फणी, पाच डोकी आणि चुलीवर दूध.

"श्रेया," ती म्हणाली, "तुला कुठला आवडला?"

"आरूला जो—"

"आरूचं नाही विचारत."

पोरीने तिच्याकडे बघितलं, संशयाने, वजनात काटा मारताना पकडल्यासारखं. मग फळीकडे बघितलं. खूप वेळ. रांग खोळंबली. आरोही 'गुलाबी, गुलाबी, मला गुलाबी' करत दोनदा गिरकी मारून आली. श्रेयाने बोट उचललं, निळ्यावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. आणि ठेवूनच राहिली.

दोघींना आत नेलं. नारळ टेबलावरच राहिला, यंत्राच्या शेजारी. दार्जिलिंगच्या मुलीने तो दोन्ही हातांनी उचलून बघितला, हे मला? वैजयंतीने हो म्हणून मान हलवली. ओटी भरायची होती ती राजकन्या कुठे दिसत नव्हती, आणि दिवसभर उभी राहून राहून या मुलीचेच पाय सुजले होते. ब्लाउजपीस आणि पाकीटही तिलाच दिलं. तिने ते घाईने टेबलाखाली सरकवलं आणि एकदम वाकून नमस्कार केला, आपल्यासारखाच.

बाहेरच्या खुर्च्यांवर आईबाप बसले होते. काचेपलीकडून काही दिसत होतं, काही नाही: पाठमोरं डोकं, फणी, एक हात. श्रेयाचे केस आतली एक बाई विंचरत होती. गुंता आला की थांबायची, बोटांनी सोडवायची, काहीतरी विचारायची. श्रेया उत्तर देत होती. काय बोलत असतील? कोणत्या भाषेत? सुदर्शन शेजारी बसून काचेकडेच बघत होता.

"परवडतंय का आपल्याला?" तिने विचारलं.

"आता किर्र झालं की," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "श्रेयाला दादाची पोर म्हणून न्हाई घेतलं ना तू? म्हणजे लोक काय म्हणतील म्हणून."

तिला खरंच माहीत नव्हतं. लोक नसते तर घेतलं असतं का? लोक असतातच. लोणीत असतात, मंचरमध्ये असतात, या बोटीवर तर इतके आहेत. लोकांच्या डोळ्यांतून स्वतःला सोडवून नुसतं एखाद्या पोरीवर प्रेम करता येतं का, तिला कधी करून बघायला मिळालं नव्हतं.

मग दिवे कमी झाले, गाणं लागलं, पुठ्ठ्याचं दार उघडलं. चांगल्या दहाबारा राजकन्या ओळीने आल्या, सगळ्या मुलखांच्या. एक उंच माणूस ध्वनिक्षेपक घेऊन उभा होता, तो प्रत्येकीला नाव विचारायचा आणि मग, तुझं राज्य कोणतं? पोरी आपापल्या शहरांची नावं सांगत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते. आरोही आली, मुकुट एका कानावर. दार्जिलिंगच्या मुलीने वाकून तिला प्रश्न सांगितला.

"आरोही. मंचर!" ती ओरडली. आवाज भिंतींवर आपटला. हौशीराम शेठ मागून म्हणाले, "घ्या, मंचर आता बंदर झालं."

तिच्यामागे श्रेया. निळ्या झग्यात ती एकदम उंच दिसत होती. केस वर बांधले होते त्यामुळे मान दिसत होती, लांब, रामदासच्या घराची मान. तिने नाव सांगितलं. राज्य विचारलं गेलं आणि ती थांबली. ही आता 'मंचर' म्हणेल. काका-काकींनी आणलं, काका-काकींना बरं वाटावं म्हणून म्हणेल, शहाण्यासारखं. म्हण गं, असं वैजयंतीच्या मनात आलं. म्हण, म्हणजे काही तुटलेलं नाही असं मला वाटेल. आणि त्याच क्षणी, नको म्हणूस.

"लोणी," श्रेया म्हणाली. ध्वनिक्षेपकाला तोंड जरा जास्तच जवळ नेऊन. मग लोकांना कळलं नसेल म्हणून पुन्हा, सावकाश, "लोणी. तालुका आंबेगाव."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, लोणी काय आणि लंडन काय. पण वाटणी झाल्यापासून घरात जो शब्द कोणी मोकळेपणाने उच्चारला नव्हता, 'तिकडे' म्हणायचे, 'त्यांच्याकडे' म्हणायचे, तो शब्द एवढ्या दिव्यांखाली उभा होता आणि पोरीच्या तोंडावर त्याबद्दल राग नव्हता, लाज नव्हती. तिला विचारलं होतं, तिने सांगितलं होतं. वैजयंतीने शेजारी बघितलं. सुदर्शन टाळ्या वाजवत नव्हता. तो लोणीत जन्मला होता. त्याची हनुवटी हलत होती आणि तो ती हाताने धरून बसला होता.

"दादाला फोन लावू का?" तो म्हणाला.

"लावा."

"हितनं लई महाग पडतो. आभाळातून जातो म्हणं."

"लावा तुमी."

फोन जिन्याजवळच्या काउंटरवर होता. तिथला माणूस आकडे दाबत गेला, वाट बघायला लावली, मग रिसीव्हर पुढे केला. रिंग जाताना इतकी लांबून येत होती की ती संपल्यावरच झाली असं कळायचं. मग एकदम रामदासचा आवाज, शेतातला, वाऱ्यातला, पाईपातून पाणी पडतंय त्याच्यासकट.

"कोण? सुद्या? काय रं, बुडाली का काय बोट?"

सुदर्शनने तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही. त्याने मान हलवली, जणू फोनवर मान दिसते. पलीकडून, "आरं बोल की! पोरी बऱ्या हायेत न्हवं? सुद्या? कोण बोलतंय तिकडं?" इथल्या माणसाने काउंटरवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. वैजयंतीने नवऱ्याच्या हातातून रिसीव्हर घेतला. दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर ओढला. रिसीव्हर कानाला लावला तेव्हा पदर मधे आला, तो तिने तसाच राहू दिला.

"दादा," ती म्हणाली, "मी बोलते."

"मी कोण?"

"मी. तुमच्या घरातली धाकटी."